बारा फुटी रॉड आणि एक हात

७ ऑक्टोबर

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमचं फर्मान : रोज चार ओळी उजव्या हाताने लिहायच्या. काय लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा म्हणाल्या. पेनाला फडकं गुंडाळून जाड केलंय. बोटं मिटतात, पण मिटली की उघडत नाहीत, सगळं दुखणं ते. शिमग्यानंतर भर दर्यात, लाँचवरच अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, तोंड जाग्यावर आलं, हात तेवढा राहिला. एवढं लिहीपर्यंत चहा निवला.

८ ऑक्टोबर

सुनंदा मासळी घेऊन बाजारात गेली. मी खुर्चीत. सुनंदा एवढं लांब रोज लिहवणार नाही, पुढे नुसतं सु. लिहीन. बायकोचं नाव आखूड केलं म्हणून ती काही रागावणार नाही. चार ओळी झाल्या.

१० ऑक्टोबर

संध्याकाळी मागच्या दारी पिशवी. बांगडे आणि दोन सौंदाळे. दिन्या ठेवून गेला. दिन्या माझ्या हाताखाली खलाशी म्हणून आला तेव्हा त्याला दोराची गाठ मारता येत नव्हती. आता माझ्या जागी तोच तांडेल, लाँच त्याच्या हातात.

(पुढचं डाव्याने. उजवा दमला.) आमच्या वाडीत रीत आहे. लाँच लागली की लिलावाच्या आधी कालवणाची मासळी बाजूला काढायची आणि ज्या घरातला माणूस दर्यावर जात नाही त्या घरी पोचवायची. मागच्या दारी ठेवायची, हाक मारायची नाही. त्या घरानेही नंतर विषय काढायचा नाही. घरं कुठली ते तांडेल ठरवतो. इतकी वर्षं मी ठरवत आलो : विधवा, म्हातारे, पांगळे. आता दिन्या ठरवतो आणि त्यात आमचं घर आहे.

सु. म्हणाली, "एवढी वर्सा वाटलाव ना, आता खावा."

मी म्हटलं, बांगडा नरम आहे, शिळा. नव्हता. चांगला कडक होता.

१३ ऑक्टोबर

सु.शी भांडण. म्हणाली, "दिवसभर खुर्चीत बसून माज्यावर खेकसताव. त्यापेक्षा भाट्याला जावन गरवत बसा. दोन मुडदुश्या आल्या तरी कालवण व्हईल."

गरवत बसा. म्हणजे गरी टाकून, गळ लावून काठावर बसा. ते बायकापोरांचं काम, नाहीतर सुट्टीत आलेल्या चाकरमान्यांचं. ज्याने लाँच चालवली तो वाळूत बसून वीतभर मुडदुशी ओढणार? ताट सरकवून उठलो. थोड्या वेळाने भूक लागली तेव्हा परत येऊन बसलो. सु.ने भात वाढला.

१५ ऑक्टोबर

पुन्हा पिशवी. आज ढोमे. मी डोळे मिटून पडून राहिलो, झोप लागल्यासारखा. दिन्याची पावलं आली, गेली.

सु.चं म्हणणं डोक्यातून जात नाही. दोन मुडदुश्या. आपल्या हाताच्या.

१८ ऑक्टोबर

आज जे केलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. रत्नागिरीत जाळ्या-दोरांची दुकानं काय कमी आहेत? पण प्रत्येक दुकानदार मला ओळखतो. गेल्या गेल्या खुर्ची देईल, चहा मागवील आणि विचारील, तांडेल, रॉड कुणाला? म्हणून एसटी पकडून संगमेश्वरला गेलो. नदीवर गरवणारे लोक आहेत तिथे, एका हार्डवेअरवाल्याकडे रॉड मिळतात हे ऐकून होतो. सु.ला सांगितलं, जुना खलाशी आजारी आहे, बघून येतो. दर्यातला माणूस मासे मारायचं सामान घ्यायला डोंगराकडे निघाला, एसटीत माझं मलाच हसू येत होतं.

दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. विचारलं, "नदीला की खाडीला? कुठला मासा? फेकणार किती लांब? माणूस डावरा की उजवा?"

मी म्हटलं, "मुंबईचा पाहुणा आहे, त्याच्यासाठी हवाय."

"पाहुणा कसा आहे अंगाने?"

"धिप्पाड. उजवा."

त्याने एक आखूड, बारीक रॉड दाखवला. तो मला उदबत्तीच्या काडीसारखा वाटला. दोर घ्यायचा तर जाड घ्यायचा, बांबू घ्यायचा तर भरीव घ्यायचा, एवढंच मला माहीत. मी कोपऱ्यातला सगळ्यात मोठा उचलला. बारा फुटी. टोक जमिनीला टेकवून दाबून बघितलं, वल्हं बघतो तसं. दुकानदार म्हणाला, "हा खडकावरून मोठ्या माशाला. दोन्ही हातांनी फेकावा लागतो, चालेल?"

चालेल म्हटलं. उजवा हात सगळा वेळ खिशात होता.

१९ ऑक्टोबर

सु. बाजारात गेल्यावर खोलीत रॉड जोडून बघितला. टोक पंख्याला लागलं. रीळ एवढं जड की नुसता डाव्या हाताने धरला तर मनगट खाली जातं. उजवा मुठीला लावून बघितला. बोटं मिटली आणि सुटेनात. डाव्याने एकेक बोट उकलून काढलं. पलंगाखाली सरकवून ठेवलाय.

२२ ऑक्टोबर

जुन्या लुंगीत गुंडाळून निघालो. शेजारीण म्हणाली, "काय ओ ता?" पडद्याची दांडी, म्हटलं. आमच्या घराला पडदे नाहीत हे तिला माहीत आहे.

भाट्याला खाडीच्या तोंडाशी, सुरूच्या झाडांच्या पलीकडे बसलो. आमच्या मिरकरवाड्याचं कुणी तिकडे फिरकत नाही. शिसं आणि गरी बांधायलाच किती वेळ गेला. तंगुसाचं, त्या नायलॉनच्या दोरीचं, एक टोक दातात, एक डाव्या हातात. मग फेकलं. शिसं माझ्या मागे पडलं. पुन्हा फेकलं, पायाशी पडलं. आयुष्यात मी इतका बावळट कधी दिसलो नसेन.

मागून आवाज आला, "नवीन दिसता. पहिल्यांदाच का?"

प्लास्टिकचं स्टूल, डोक्याला टोपी, वाळूत रोवलेल्या नळीत उभा केलेला रॉड. कराडकडचे निवृत्त मास्तर. मुलाने इथे फ्लॅट घेतला म्हणून नवराबायको येऊन राहिलेत.

मी म्हटलं, हो, पहिल्यांदाच. ते खोटं नव्हतं.

"नोकरी कुठं होती?"

"कचेरीत. कारकून होतो."

हे तोंडातून कसं आलं देव जाणे.

२३ ऑक्टोबर

लिहायचं नव्हतं पण लिहितो. कारकून म्हटल्यावर मला हलकं वाटलं. कारकुनाला रॉड फेकता आला नाही तर त्यात काय एवढं? आज पुन्हा गेलो. मी मास्तरांना गुरुजी म्हणतो, ते मला भाऊसाहेब.

२६ ऑक्टोबर

गुरुजींनी रीळ समजावलं. तार उघडायची, तंगूस पहिल्या बोटाने अडवायचा, फेकताना बोट सोडायचं. मला खरंच माहीत नव्हतं. जाळ्याच्या धंद्यात रिळाचं काय काम?

माझा रॉड बघून म्हणाले, "हे तुमच्या गळ्यात कुणी मारलं? इथं मासा वीतभर, पाणी पंचवीस पावलांवर. सात फुटी, हलका, रीळ छोटं, बास झालं. हा रॉड माशापेक्षा तुम्हालाच दमवतोय बघा."

पाहुण्याने दिलाय, म्हटलं. पाहुणा मुंबईचा, धिप्पाड. आता त्या पाहुण्याला मी रोज पोसतोय.

"आणि भाऊसाहेब, हात खिशातून काढा की. एका हातानं का करताय सगळं?"

"सवय."

"कचेरीतली का?" असं म्हणून हसले. मीही हसलो.

३० ऑक्टोबर

माणूस चांगला आहे. बोलका. कोळंबी सोलून लावतात, साल ठेवली तर मुडदुशी तोंड लावत नाही म्हणतात. रॉड घरी नेऊन गोड्या पाण्याने धुतात, कड्या गंजू नयेत म्हणून. फायबर, कार्बन काय काय सांगतात. मी ऐकतो. मात्र भरती कधी लागणार ते मोबाईलमध्ये बघून सांगतात तेव्हा तोंड आवरावं लागतं. आज म्हणाले अजून अर्धा तास आहे. पाणी केव्हाच फिरलं होतं, मला पायाला कळत होतं. गप्प बसलो.

गुरुजींना चार मुडदुश्या. मला एक खेकडा, तोही गरी तोडून गेला.

३ नोव्हेंबर

खालच्या पातळीचं वागलो.

हाताला काही लागत नाही. सु.ला एव्हाना कळलंय की मी कुठे जातो. पलंगाखाली झाडू मारताना रॉड दिसला असणार. तिने विचारलं नाही, पण आज निघताना पिशवी हातात दिली. रिकामी पिशवी परत न्यायची म्हणजे... वाटेत एक जण खाडीत पाग, हाताने फेकायचं जाळं, टाकत होता. त्याच्याकडून सहा मुडदुश्या घेतल्या आणि घरी येऊन म्हटलं, मिळाल्या.

सु. साफ करायला बसली. मी समोर. तिने पहिल्या माशाचं तोंड उघडून बघितलं, मग दुसऱ्याचं. गरीचा मासा ओठाला फाटलेला असतो. ही सगळी तोंडं शाबूत. कल्ल्यातून वाळू निघाली. जाळं वाळूवरून ओढल्याशिवाय एवढी वाळू आत जात नाही, हे मासळी विकून हयात गेलेल्या बाईपासून मी लपवत होतो.

तिने धुतल्या, तिखटमीठ लावलं, तळल्या. माझ्या ताटात चार, स्वतःला दोन.

"गोड हायत," म्हणाली.

 लाज वाटली. इतकी की तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

४ नोव्हेंबर

गेलो नाही. चार ओळी उजव्याने. अक्षर बालवाडीतलं.

६ नोव्हेंबर

सु. म्हणाली, "जात नाय काय आज?" पिशवी दिली नाही. ती दिली नाही म्हणून गेलो.

गुरुजी म्हणाले, "दोन दिवस कुठं होता भाऊसाहेब? करमलं नाही." मग स्वतःचा सात फुटी माझ्या हातात दिला. काय हलका. डाव्या हाताने फेकला आणि पहिल्यांदा शिसं पाण्यात पडलं. गुरुजींनी टाळ्या वाजवल्या, शाळेत वाजवत असतील तशा. मला आनंद झाला हे कबूल करायला हवं.

पण फेकल्यावर तो धरायचा कुठल्या हाताने आणि रीळ फिरवायचं कुठल्या? मी तसाच धरून उभा. ते म्हणाले, गुंडाळा, गुंडाळा. मी खोकला आल्यासारखं करून रॉड परत त्यांच्याकडे दिला.

९ नोव्हेंबर

गुरुजी मनातलं बोलले. "इथले लोक हसतात हो मला. परवा पुलावरून एक पोरगं ओरडलं, घाटावरचा कोळी म्हणून. बायको पण म्हणते, काय हा म्हातारपणी चाळा. तुम्ही आलात, बरं झालं. कुणाला तरी सांगतोय, कुणीतरी ऐकतंय."

सांगून टाकायचं मनात आलं. तेवढ्यात त्यांच्या गरीला मासा लागला. नाहीतर सांगितलं असतं असं नाही.

१२ नोव्हेंबर

दिवाळीची गर्दी. भाट्याला पर्यटक, घोडागाडी, भेळ. जाऊन परत आलो. मागच्या दारी पिशवी होती आणि आज त्यात पापलेटं. सणाचं म्हणून दिन्याने मोठं काढलं. मीही दिवाळीला असंच करायचो.

१६ नोव्हेंबर

डाव्याने लिहितोय. जितकं होईल तितकं लिहितो.

भरती लागली होती. मुडदुशी भरतीलाच काठाशी येते, आणि खाडीत शिरणारी लाँचही भरतीलाच येते. हे मला कुणी सांगायला हवं होतं का? तरी रोज तिथेच जाऊन बसत होतो, कारण दुसऱ्या वेळी मासा नाही.

इंजिनाचा आवाज आला. बघायच्या आधीच कळलं, माझीच. म्हणजे मी चालवत होतो ती. दुरुस्तीला खाडीत नेत असावेत. मी टोपी पुढे ओढली, पाठ केली. गुरुजी फेकताना मनगट कसं ठेवायचं ते दाखवत होते.

पावसाळ्यानंतर या तोंडावरची वाळू सरकते. यंदा पलीकडच्या काठाला, राजिवड्याच्या बाजूला जास्त साचलीय. रोज बसून बसून मी बघितलंय, लाट कुठे मोडते, कुठे नाही. दिन्याला ते माहीत नव्हतं. तो गेल्या वर्षीच्या वाटेने येत होता, मीच शिकवलेल्या.

हात वर करून नुसतं ओरडायचं होतं. मी गप्प राहिलो.

फार वेळ नाही. पण राहिलो. डोक्यात होतं, ओरडलो तर दिन्या ओळखणार, लाँचवरची सगळी बघणार, तांडेल रॉड घेऊन वाळूत. आणि गुरुजींना कळणार. लाँच वाळूकडे चाललीय हे दिसत होतं आणि मी हा हिशोब करत बसलो होतो.

मग ओरडलो. "दिन्या, सुरूकडे घे. सुरूकडे." डावा हात जोराने हलवला. त्याने ऐकलं, सुकाणू फिरवलं, पण तोवर तळ घासला होता. लाँच अडकली, हलली, पाठची लाट आली तेव्हा सुटली. खलाशी एकीकडे आपटले. कुणाला लागलं नाही असं दिसलं.

आत जाताना दिन्याने हात जोडले. मोठ्याने म्हणाला, "तांडेल, तुमी होताव म्हनून वाचलो." सगळ्या खलाशांनी हात वर केले.

गुरुजी माझ्याकडे बघत होते. "तांडेल म्हणजे?"

मी रॉड वाळूत आडवा ठेवला.

"म्हणजे तुम्ही..." त्यांनी वाळूतली नळी उपटली, कोळंबीचा डबा बंद केला. "सगळं येत असताना बसून ऐकत होता. रोज. मी तुम्हाला गरी बांधायला शिकवत होतो." टोपी काढून परत घातली. "सगळी हसतात ते एक वेळ चालतं हो. तुम्ही एकटेच हसत नव्हता, असं वाटलं होतं."

स्टूल तसंच राहिलं. मी हाक मारायला हवी होती. 

१७ नोव्हेंबर

दिन्या आला, पुढच्या दाराने. सु.ने चहा केला. तो म्हणाला, "पैल्यांदा पायलं तवा वाटलं तुमीच हाव, पन हाललाव नाय. ऐकू आला नाय काय इंजिन?"

"वारा होता," म्हटलं.

"व्हय, वारा होता खरा." बिचाऱ्याने मान हलवली. खालच्या फळीला चीर गेलीय, काम वाढलं, मालक त्याच्यावर ओरडला. मला म्हणाला, "चूक माजीच. वाळू बगून यायला पायजे होता."

सु. चुलीशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

१८ नोव्हेंबर

काही लिहिण्यासारखं नाही. माणूस म्हणून मी...

२१ नोव्हेंबर

गुरुजींचं स्टूल घेऊन त्यांच्या बिल्डिंगला गेलो. बाईंनी दार उघडलं. घरात नाहीत म्हणाल्या. आत टीव्ही चालू होता आणि ओळखीचा खोकला आला. स्टूल दाराशी ठेवून उतरलो. जिन्यात बसून घेतलं थोडं, पायासाठी.

२४ नोव्हेंबर

बारा फुटी घेऊन संगमेश्वर. लुंगीत गुंडाळला नाही. सु.ला खरं सांगितलं, रॉड बदलायला जातोय. ती म्हणाली, "पयला तरी कुटना आनलाव ता म्हाईत होता माला." म्हणजे आजारी खलाशाची थापसुद्धा तिने तेव्हाच ओळखली होती.

दुकानात गर्दी. दुकानदाराने चष्मा खाली घेतला. "काय झालं, पाहुण्याला जमला नाही?"

तिथेच थांबलो. चारपाच गिऱ्हाईकं उभी. मग उजवा हात खिशातून काढून काउंटरवर ठेवला. मूठ मिटलेलीच होती.

"पाहुणा मीच. हा हात उघडत नाही. सगळं डाव्याने करायचंय. मुडदुशी मारायची आहे, भाट्याला, वाळूतून."

एवढं बोलायला मला ऑक्टोबरपासूनचे सगळे दिवस लागले. दुकानदार नुसता "मग आधी नाही का सांगायचं" म्हणाला आणि माळ्यावर चढला. कुणी हळहळलं नाही. एक गिऱ्हाईक तर खिळे मोजत होतं.

सात फुटी. कार्बनचा, हलका, पण आपटला तर फुटेल, सांभाळा म्हणाला. मुख्य म्हणजे मुठीच्या मागची दांडी लांब. डाव्याने फेकायचं, मग ती दांडी उजव्या काखेत दाबायची. काखेत जोर आहे माझ्या. डावा मोकळा झाला की त्याने रीळ फिरवायचं, रिळाची मूठ डावीकडे लावून दिली. टोक मऊ, वीतभर माशाने तोंड लावलं तरी कळेल. "बाहेर जाऊन फेकून बघा," म्हणाला. भर रस्त्यात नुसतं शिसं लावून फेकलं. उभ्या रिक्षाच्या टपावर वाजलं. रिक्षावाला बाहेर येऊन शिव्या द्यायला लागला, मग माझ्या हाताकडे बघून थांबला. त्याने शिव्या पूर्ण केल्या असत्या तर मला आवडलं असतं.

२७ नोव्हेंबर

काखेत दाबून ओढली. पहिली मुडदुशी. वीतसुद्धा नाही. गरी जुन्या चपलेत रुतवून कोळंबी लावतो, म्हणजे दुसरा हात लागत नाही. ही युक्ती माझी. दाखवायला शेजारी कुणी नव्हतं.

सु.ने माशाचं तोंड उघडून बघितलं, फाटलेलं होतं. म्हणाली, "हा तुमचा." एकच मासा, अर्धा अर्धा. मला वाटलं होतं याने सगळं भरून निघेल. नाही निघालं. समोर दिन्याच्या पिशवीतलं कालवण होतं आणि लाँच अजून दुरुस्तीला काठावर ओढून ठेवलेली आहे. मग त्याने मासळी आणली कुठून? सु.ला विचारलं. दुसऱ्या लाँचवर खलाशी म्हणून जातो म्हणाली, काम होईपर्यंत. मिळणाऱ्या वाट्यातून आमचं काढतो.



१ डिसेंबर

गुरुजी आज होते. लांब, पार पुलाच्या बाजूला. नवं स्टूल नाही, तेच. मी माझ्या जागी. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि पाहिलं नाही.

३ डिसेंबर

आज तंगुसाचा गुंता झाला. रिळातून असा सुटला की पक्ष्याचं घरटं. दात लावले, गुडघ्यात धरला, जास्तच अडकला. एका हाताने गुंता सुटत नाही, कुणाचाच सुटणार नाही. भरती वाया चालली होती.

उठलो आणि हाक मारली. वाळूवर माणसं होती, क्रिकेट खेळणारी पोरं होती. "गुरुजी, माझा उजवा हात चालत नाही. जरा सोडवून देता का?"

त्यांनी आधी आपला तंगूस गुंडाळला. मग रॉड नळीत ठेवून आले. वाळूत बसले, गुंता मांडीवर घेतला. मी सांगितलं. झटका, लाँच, कारकून कशाला झालो, सगळं. म्हटलं, "दर्या कळतो मला. हा रॉड खरंच कळत नव्हता. तुम्ही शिकवलंत ते नाटक म्हणून नाही ऐकलं."

"मूठ आवळत नाही की उघडत नाही?"

"उघडत नाही."

"हं." बोटं चालू होती. मग खाली बघूनच म्हणाले, "हाताचं समजलं. पण त्या दिवशी लाँच येत होती. मी शेजारी होतो, तुम्हाला आधीच दिसली होती. पाठ केलीत. वाळूवर चाललीय हे तुम्हाला कळत होतं ना?"

"हो."

"मग गप्प का बसला? माझ्यामुळं?"

मी हो म्हणू शकलो असतो, ते सोपं होतं. म्हटलं, "नाही. माझ्यामुळे."

त्यांनी गुंता सोडवून तंगूस रिळावर नीट भरून दिला. उठताना म्हणाले, "त्या पोराला माहीत आहे का?" मी मान हलवली, नाही. ते त्यांच्या जागी गेले. जाताना उद्याचं काही बोलले नाहीत.

४ डिसेंबर

मागच्या दारी पाटावर बसून लिहितोय. सु. बाजारातून आली, मी इथे का ते विचारलं नाही, बत्ती मोठी करून गेली. कालवण ठेवणाऱ्याला हाक मारायची नाही ही रीत मीच मोठ्या तोंडाने पोरांना शिकवली. आज मोडणार.

दिन्याला काय म्हणायचं ते ठरवलंय. वारा नव्हता. वारा नव्हता एवढंच आधी म्हणायचं, पुढचं आपोआप येईल. त्यानंतर त्याने पिशवी परत नेली तर न्यावी. वाडीत सांगितलं तर सांगावं. मला तांडेल म्हणणं सोडलं तर... ते मात्र सोसेल की नाही माहीत नाही.

उजव्याने लिहितोय आज, सगळं. हात दुखतोय.

कुंपणाचा आवाज झाला. चप्पल त्याचीच. तो पिशवी ठेवून लगेच वळतो, आता हाक...